साडेबारा हजार किलोमीटर

हे माझ्या मामांच्या बाबतीत खरोखर घडलंय. शपथ घेत नाही. आमच्या घरात शपथ घेऊन सगळे खोटंच बोलत आलेत. पण या प्रकाराच्या एका टोकाला मामा होते आणि दुसऱ्या टोकाला मी.

मधे साडेबारा हजार किलोमीटर. विमानाने चौदा तास.

मामांची थोरली बहीण अक्का, म्हणजे माझी आई, दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत होती. "तो आल्याशिवाय मी हलत नाही," असं तिने डॉक्टरांनाच बजावलं होतं.

परदेशात असलेल्या मामांनी मिळेल ते तिकीट काढलं. जागा मिळाली शेवटच्या रांगेत. संडासाला खेटून, पाठ मागे न होणारी.

मामांचं आयुष्य बसगाड्यांची वेळापत्रकं करण्यात गेलेलं. दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. विमान सुटलं. त्यांनी समोरच्या पडद्यावर नकाशा लावला आणि डोळे मिटले.

तेवढ्यात मागून आवाज आला...

"अरे, किती राहिलं?"

म्हातारीचा आवाज. दमलेला.

"साडेतेरा तास, मावशी." मामांनी वळूनही पाहिलं नाही.

थोड्या वेळाने पुन्हा...

"अरे, किती राहिलं?"

"तेरा."

जेवण आलं, गेलं. दिवे मालवले. शेजारचा तरुण तोंड उघडं टाकून घोरत होता. नशीब एकेकाचं.

"अरे, आता तरी?"

"आठ. मावशी, विमान मी चालवत नाहीये."

मागे कोणीतरी हसल्यासारखं झालं. मग कण्हल्यासारखं...

मग बराच वेळ काहीच नाही.

"अरे, दम निघत नाही रे. किती?"

पडद्यावर पाच तास होते. मामांनी उभ्या जन्मात कोणाला चुकीची वेळ सांगितली नव्हती. पण आता अंगात त्राण नव्हतं.

"आलंच. पोचलो समजा. झोपा आता."

मामांनी डोळे मिटून घेतले.

"पोचलास? बरं झालं बाई. मग मी उतरते."

पट्टा सुटल्याचा आवाज झाला. खट्...

म्हातारी भलतीकडे जायची, म्हणून मामा धडपडत उठले. वळले.

मागे भिंत होती.

करडी. सपाट. रांगच नव्हती.

"काका, काही हवंय का?" हवाई सुंदरीने विचारलं.

"इथे मागे कोण बसलंय?"

"काका, तुमचीच रांग शेवटची." तिने पाणी आणून दिलं. तो पेला मामांनी विमान उतरेपर्यंत हातात तसाच धरून ठेवला.

न्यायला मी गेलो होतो. माझं तोंड बघूनच ते म्हणाले, "कधी?"

"पाच तास झाले. डॉक्टर तर म्हणत होते, उद्यापर्यंत काढेल. भिंतीकडे तोंड करून एकच धोशा, किती राहिलं, किती राहिलं. आम्ही सांगत होतो, पण आमचं ऐकतच नव्हती. मग एकदम म्हणाली, 'पोचला तो.' आणि..."

मामांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

सगळं त्यांनी मला गाडीत सांगितलं. मी समजूत घातली. जागरण, थकवा, उंचीवरची हवा. शिकलेल्या माणसाकडे कारणांचा तुटवडा नसतो. मामांनी सगळी ऐकून घेतली, अजूनही घेतात. त्या थापेबद्दल बोलत नाहीत.

फक्त कधीतरी जेवता जेवता त्यांचा हात थांबतो...

"तेव्हा नकाशावर सगळं निळं होतं रे. खाली नुसता समुद्र. अक्का उतरली कुठे?"