तांदळातलं नाव

"नाव?" त्याने मान वर न करता विचारलं.

"कुठलं सांगू... कागदावरचं की माझं?"

तेव्हा कुठे रेवदंड्याच्या आधार केंद्रातल्या निकेतने माझ्याकडे पाहिलं. चौलहून भर उन्हात मारलेली ही माझी तिसरी खेप. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

मी तारा. पहिल्या लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने 'विनिता' लिहिलं. मला कोणी विचारलंच नाही. नवरा दोन वर्षांत सुटला, विनिता मात्र सात वर्षं मानगुटीवर बसून होती. बँकेत, रेशनकार्डावर, सगळीकडे.

"तारा..." टाइप करता करता तो थांबला. "संस्कृतात तारा, फारसीत सितारा, जुन्या ग्रीकात अस्तेर. मूळ एकच. चौलच्या बंदरात पूर्वी गलबतं लागायची ना, त्यातल्या कितीजणांच्या तोंडी तुमचं नाव असणार!"

"हो का? मग एका कार्डावर यायला त्याला एवढं जड का जातंय?"

तो हसला. मला हसायचं नव्हतं... पण हसले.

कार्ड आलं, तरी मी जातच राहिले. कधी झेरॉक्सला, कधी उगाच. तोही न विचारता चहा सांगायचा. एका संध्याकाळी नागावच्या किनाऱ्यावर त्याने विचारलं, "लग्न करशील माझ्याशी?"

"आवडतोस तू मला. खूप. पण दमलेय रे... पुन्हा दुसरंच कोणी व्हायचं, नाही जमणार."

"मी तारालाच विचारतोय."

तरी लग्नाच्या दिवशी त्याच्या घरी तांदळाचं ताट पुढे आलंच.

"निकिता लिव," सासूबाई म्हणाल्या. "निकेतला शोभंल."

निकेतने अंगठी माझ्या हातात ठेवली. "तिचं नाव तीच लिहील, आये."

मी लिहिलं... तारा. सासूबाई ताटाकडे बघत राहिल्या. आता बिनसलं, असं मला वाटतंय तोच त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"खाली जागा हाय का गं?"

"आहे की."

"मंग कमळ लिव." आवाज अगदी बारीक झाला होता. "मी लग्नात भागुबाई झाले. चाळीस वर्सं कमळ म्हनून कुनी हाक मारली न्हाय."

मी अंगठी त्यांच्यापुढे धरली.

"मला कुठं लिवता येतं?"

मग एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने निकेतने त्यांचा हात धरला, आणि तिघांनी मिळून तांदळात कमळ लिहिलं.