नाडी बावन्न

“थांबा! ती कुटू नका!”

माझा हात खलातच राहिला. वॉर्डच्या दारात औषधांचा ट्रे घेऊन फार्मासिस्ट उभा होता — धापा टाकत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“या खाटेवरच्या आजोबांना गिळता येत नाही,” मी म्हणाले.

“म्हणून बारा तासांचं औषध एका घोटात पाजणार? ही गोळी पोटात हळूहळू विरघळायला बनवलीय, सिस्टर.”

“मी अजून सिस्टर नाही. विद्यार्थिनी आहे. औषधशास्त्रात नापास.”

“ते दिसलंच,” तो म्हणाला, आणि लगेच त्याचेच कान लाल झाले.

आजोबांना पातळ औषध मिळालं. मला मिळाली शिकवणी — रोज दुपारी, औषधांच्या खिडकीमागे, डबा खाता खाता. फेरपरीक्षा सहा आठवड्यांवर होती; तीही गेली की कॉलेजातून नाव कमी. उत्तर चुकलं की माझ्या डब्यातला घास त्याचा. पहिला आठवडा मी अर्धपोटी काढला. दुसऱ्यात तो घरून दोन डबे आणू लागला.

“आई विचारते, एवढी भूक कशी वाढली?”

“मग काय सांगितलंत?”

“म्हटलं… हवा बदललीय.”

एक दिवस त्याने कुटू नयेत अशा गोळ्यांची यादी काढली. मी डबा बाजूला सारला.

“माझ्या आईच्या गोळ्या मी कुटूनच द्यायचे,” मी म्हणाले. “शेवटचे चार महिने.”

तो हसला नाही. “औषधांची चिठ्ठी आहे?”

पर्समध्येच होती. त्याने एकेक नाव वाचलं, जाड पुस्तकात तपासलं, पुन्हा वाचलं.

“सगळ्या कुटून चालणाऱ्या आहेत. तुम्ही बरोबर देत होता.”

मी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिले. त्याने खिडकीपुढची रांग शेजारच्या खिडकीकडे वळवली.

तोंडी परीक्षेत परीक्षक बाईंनी चार्ट पुढे सरकवला. हृदयाचे ठोके मंदावणारं औषध, रोज सकाळी. पेशंटची आत्ताची नाडी बावन्न.

“द्या गोळी.”

“नाही देणार.”

“डॉक्टरांनी लिहिलीय.”

“लिहिली तेव्हा नाडी बावन्न नव्हती. साठच्या खाली गेली की हे औषध थांबवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.”

“आणि डॉक्टर ओरडले तर?”

“ओरडू देत, बाई. ऐकायला पेशंट तर राहील!”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग सही केली. “पास. आणि चांगल्या मार्कांनी पास.”

तो बाहेर भिंतीला टेकून उभा होता, माझ्यापेक्षा घाबरलेला. मी नुसती हसले, तशी त्याने दोन्ही मुठी हवेत उडवल्या. मग त्या हळूच खाली आणल्या.

“म्हणजे… शिकवणी संपली.”

“संपली.”

“मला एक बोलायचं होतं. सहा आठवडे वाक्य जुळवतोय…”

“बोला की.”

“आत्ता आठवेना.”

“राहू दे, मी बोलते. तुम्ही मला आवडता. फार.”

“हेच!” तो ओरडला. “हेच होतं!”

सगळा कॉरिडॉर वळून बघू लागला. मी त्याचा हात धरला. मागे बाई मोठ्याने खाकरल्या.

मी हात सोडला नाही.