चौथ्या रकान्यातलं ‘होय’

रकाना १ : व्यक्तीची सकाळची स्थिती. (दोन ओळींत लिहावे.)

दोन ओळींत कसं मावणार... सून चहाचा पेला घेऊन खोलीत आली आणि दारातच थबकली. सासूबाई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या, केस विंचरलेले, आणि गळ्यापासून पोटापर्यंत गाऊनची सहाच्या सहा बटणं लागलेली. त्यांचं उजवं अंग लुळं पडलं त्याला चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत ही बटणं रोज तिच्याच बोटांनी लावली होती. आज घरात दुसरं कुणीच नव्हतं. नवरा लिफ्टच्या दुरुस्तीवर सहालाच गेला होता.

“कुणी लावली?”

“भुतानं,” सासूबाई म्हणाल्या. अर्धं तोंड हसलं, अर्धं तसंच राहिलं. “अगं, मीच. डाव्या हातानं. दोन महिने शिकतेय. तू दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर जातेस ना, तेवढ्या वेळात. पहिला आठवडा एकच बटण... त्यालासुद्धा घामाघूम.”

कोणत्याही सुनेला आनंद व्हावा अशी ही गोष्ट. हिची नजर मात्र घड्याळाकडे गेली, कारण अकरा वाजता सरकारी तपासनीस बाई यायच्या होत्या.

रकाना २ : तपासणीची मागणी कोणी केली?

सुनेनं. घरात कुणालाही न सांगता.

ती दात करायची. कवळ्यांच्या कारखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर, मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवताना ती सगळं जग विसरायची. आणि सगळ्यांवर खेकसणारे तिथले मास्तर तिच्या टेबलापाशी आले की आवाज उतरवायचे. मग सासूबाई अर्धांगानं पडल्या. ‘कुणीतरी घरी राहायला हवं’ हे वाक्य घरात तीन दिवस नुसतं फिरत राहिलं आणि चौथ्या दिवशी तिच्यावर येऊन बसलं. नवऱ्यानं सरकारी भत्त्याचा फॉर्म आणला तो काळजी घेणाऱ्याच्या जागी तिचं नाव भरूनच. अट एकच होती, भत्ता घेणाऱ्यानं बाहेर पगारी काम करायचं नाही. “घरबसल्या मिळतंय की,” तो म्हणाला होता... मनात वाईट काही नव्हतं त्याच्या, आणि तेच तिला जास्त लागलं होतं.

त्याच दिवसांत इस्पितळातल्या खाटेवरून सासूबाईंनी तिचा हात धरला होता. “परक्या हातानं मला शिवायचं नाही. मला कुठं नेऊन टाकायचं नाही. शपथ घे.” तिनं घेतली होती.

यंदा त्यांचं गिळणं बिघडलं. चहा काय, साधं पाणीसुद्धा पावडर घालून दाट करून द्यावं लागे, नाहीतर ठसका लागून डोळे पांढरे होत. फार वेळ एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि तेव्हाच तिला कळलं, की माणूस पूर्ण परावलंबी ठरलं तर दिवसकेंद्रात जागा मिळते. सकाळी गाडी नेते, संध्याकाळी आणून सोडते, दिवसभर जवळ नर्स असते, आणि काळजी घेणारीला कामावर जायची मोकळीक मिळते. ही परीक्षाच उलटी, जितकं कमी जमेल तितके गुण जास्त. सासूबाईंना फक्त दोन गुण कमी पडत होते.

तिनं मास्तरांना फोन केला, स्वयंपाकघरात, नळ सोडून ठेवून. “टेबल नुकतंच रिकामं झालंय, एक तारखेपर्यंत ठेवतो,” ते म्हणाले. “पुढे मला माणूस लागेल.” तिनं फेरतपासणीचा अर्ज टाकला. सासूबाईंना सांगायला दहादा तोंड उघडलं, आणि दहादा ती शपथ आड आली...

रकाना ३ : घरातील इतर कमावती व्यक्ती कामाचे तास कमी करू शकते का?

असा रकाना फॉर्मवर नाही.

रकाना ४ : व्यक्ती स्वतः कपडे घालू शकते का? (होय / मदतीने / नाही)

तिनं पेला खाली ठेवला आणि गुडघ्यांवर बसून सासूबाईंच्या वरच्या बटणाकडे हात नेला.

“हात लावू नकोस,” त्या म्हणाल्या. “फार कष्टानं लागलंय ते.”

“आई, ऐका ना. आज ज्या बाई यायच्यात...”

घंटा वाजली. बाई अर्धा तास लवकरच आल्या होत्या.

वयानं त्या सुनेएवढ्याच. काखेत फायली, बुटांना चिखल, एका हातात फोन. बसता बसता त्यांनी घड्याळ पाहिलं. “माफ करा, आज सात घरं आहेत. आजी, वरचं एक बटण काढून परत लावाल?”

“एक कशाला? सगळी लावते.”

आणि लावली. अकरा मिनिटं लागली. डावा हात थरथरत होता, बटण काजाशी येऊन घसरत होतं, कपाळावरून घाम ओघळत होता, आणि मान तेवढी राणीसारखी ताठ.  सुनेला वाटत होतं की उठून टाळ्या वाजवाव्यात, आणि त्याच क्षणी वाटत होतं की हे शेवटचं बटण तरी सुटू दे... असं वाटल्याची तिला इतकी लाज वाटली की तिनं मान खाली घातली.

“रोज नाही जमत त्यांना,” ती पुटपुटली. “आज पहिल्यांदाच...”

“खोटं बोलतेय ती,” सासूबाई म्हणाल्या. “मला लाडावून ठेवलंय तिनं. चमचा आण, खाऊनही दाखवते.”

चमचा तोंडापर्यंत गेला.

“पण साधं पाणी त्यांना चालत नाही, बाई. ठसका लागतो, जीव जाईल एखाद्या दिवशी. ही डॉक्टरांची चिठ्ठी बघा.”

“जोडते ना. पण ताई, गिळण्याचा रकानाच नाही. हात तोंडापर्यंत जातो का, एवढंच विचारलंय.” तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. “ताप? किती? नाही हो, पाचच्या आत नाही निघता येणार... पाळणाघरात दुसरं कुणी नाही का?” फोन ठेवून त्या क्षणभर फॉर्मकडे नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी ‘होय’भोवती गोल काढला.

“अभिनंदन, आजी. गुण बरेच खाली आलेत. तुम्हाला आता मदतीची गरज नाही असं धरतात.”

“म्हणजे भत्ता बंद?”

“बंद.”

“आणि ती अट? हिनं कामाला जायचं नाही ती?”

“भत्ता नाही तर अट कसली? जाऊ देत की कामावर.”

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर असा विजय तिनं कधी पाहिला नव्हता.

“आणि ताई, दिवसकेंद्राचा तुमचा अर्जही आपोआप रद्द होतो,” बाई दारातून म्हणाल्या. “पुढची तपासणी सहा महिन्यांनी.”

रकाना ५ : इतर काही सांगायचे असल्यास.

“दिवसकेंद्र म्हणजे काय गं?”

तिनं सांगितलं. गाडी, नर्स, दोन गुण, एक तारीख. ती उभ्यानंच सांगत होती, भिंतीकडे बघत. सांगून झाल्यावर कितीतरी वेळ सासूबाई आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

“मी गेले असते गं,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही शपथ घातली होतीत.”

“चार वर्षांपूर्वी... ती घाबरलेली बाई होती. तिचं काय ऐकत बसलीस?”

“तुम्ही तरी बोलायचं होतं, आई. दोन महिने...”

“काय बोलू? तू नळ सोडून बोलत होतीस. एक तारीख एवढंच कळलं. आणि तुझा आवाज.” त्यांनी गाऊनचं वरचं बटण बोटानं चाचपलं. “चार वर्षांत तसा आवाज नव्हता ऐकला मी तुझा. म्हटलं, हिला मीच बांधून ठेवलंय, तपासणीला बाई आल्या की मीच सोडवते. नीट सोडवायचंही जमलं नाही मेलं.”

 सून पलंगापाशी बसली आणि चार वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्या लुळ्या मांडीवर सांडलं... राग, दुःख, माया, काही वेगळं ओळखू येत नव्हतं. सासूबाईंचा डावा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला, अवघडपणे, पण फिरत राहिला.

संध्याकाळी नवरा घरी आला. त्याचे बूट निघायच्या आत सासूबाईंनी विषय काढला.

“उद्यापासून अर्धा दिवस तू घरी थांब. सकाळी तू, दुपारनंतर ही.”

तो हसला. त्याला ती थट्टाच वाटली. “मी? अगं आई, लिफ्ट बंद पडली की माणसं आत अडकतात. अर्धा दिवस देतं का कुणी?”

“विचारलंस कुणाला?”

“विचारायचं काय त्यात? हिचं काम काय, कुठंही मिळेल. माझं सुटलं तर घर कुठं जाईल?”

“हिचं सुटलं तेव्हा हे कुणी विचारलं नाही,” सासूबाई म्हणाल्या. मग हळूच, “मीही नाही.”

त्यानं बायकोकडे पाहिलं, मग आईकडे, आणि हात धुवायला निघून गेला. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. जेवताना तो म्हणाला, “सहा महिने तर आहेत, काढू कसेतरी.” कोण काढणार, हे कुणी विचारलं नाही.

शेरा : (कार्यालयीन उपयोगासाठी. अर्जदाराने काही लिहू नये.)

एक तारखेला तिनं मास्तरांचा नंबर लावला, पण ‘जमत नाही’ हे दोन शब्द तोंडातून फुटेनात. सासूबाईंनी डावा हात पुढे केला आणि फोन ओढून घेतला.

“मास्तर, मी तिची सासू बोलतेय.” त्यांचे शब्द एकमेकांत अडकत होते, तरी त्या थांबल्या नाहीत. “चूक माझी आहे. तिची नाही. सहा महिने ठेवा तिचं टेबल, मी भीक मागते...”

मास्तरांचा आवाज मोठा होता, मशीनच्या घरघरीत बोलायची सवय असलेला. शेजारी बसलेल्या सुनेला प्रत्येक शब्द ऐकू आला. “जागा भरली, आजी. नवी बाई सकाळीच बसली. ठेवतो, काम आहे.” आणि फोन बंद झाला.

सासूबाईंनी मात्र फोन कानाला तसाच धरून ठेवला. “हो... हो, सांगते हं तिला,” असं त्या मुक्या फोनला म्हणाल्या, मग तो सावकाश मांडीवर ठेवला.

“काय म्हणाले?” सुनेनं विचारलं.

“म्हणाले, जागा भरावी लागली. नाइलाज झाला.” सासूबाईंनी आवंढा गिळला, त्याचाही त्यांना त्रास झाला. “पण म्हणाले, तुमच्या सुनेसारखा हात पुन्हा मिळायचा नाही. असा हात म्हणे... त्यांनी आयुष्यात पाहिला नाही.”

या घरात तिच्या हाताबद्दल कुणी काही बोललेलं ती पहिल्यांदाच ऐकत होती. बाहेर कुणाचं तरी दार आपटलं. ती सासूबाईंना खेटून बसली, डोळे मिटून घेतले.

“अजून काय म्हणाले?” तिनं विचारलं.

आणि सासूबाई सांगत राहिल्या.