दोन रिंगा

मेहकरला निवृत्ती मास्तरांच्या घरी मोडेम आला तो एका गुरुवारी दुपारी. मास्तर कॉलेजात फिजिक्स शिकवत. घरचा फ्यूज उडाला तरी शेजाऱ्यांना ओहमचा नियम ऐकवल्याशिवाय तार जोडत नसत. गल्लीतला पहिला कॉम्प्युटर त्यांचा, आता इंटरनेटही पहिलं त्यांचंच लागणार होतं. फोनची तार मोडेममध्ये खोचून ते पुन्हा पुन्हा नंबर लावत होते. मोडेम चिरकायचा, खरखरायचा, लाल दिवा लुकलुकायचा आणि जोडणी तुटायची.

"अहो, चार वाजून राह्यले," त्यांच्या पत्नी शालूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मायची रिंग येईन. लाइन मोकळी करा ना."

माय म्हणजे मास्तरांची आई, गोजरबाई. सुलतानपूरला एकट्या राहायच्या. दर गुरुवारी चारला पुंजाजीच्या किराणा दुकानातून त्या दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. इकडे फोन उचलायचा नाही, निरोप फुकटात पोचायचा. दोन रिंगा म्हणजे बरी आहे. तिसरी वाजली तर निघून ये. ही शक्कल मास्तरांचीच. सहा वर्षांत तिसरी कधी वाजली नव्हती.

"दोन मिनिटं," मास्तर म्हणाले.

आणि नेमकी तेव्हाच जोडणी लागली. कुठल्याशा परदेशी वेधशाळेचं चित्र पडद्यावर वरून खाली इंचाइंचाने उतरू लागलं. शनीची कडी होती. मास्तर हरखून गेले. भानावर आले तेव्हा सव्वापाच झाले होते.

सातच्या गाडीने स्वतः पुंजाजी आले. दारातच उभे राहिले.

"मास्तर, माय गेली. छातीत दुखून राह्यलं व्हतं. म्या म्हटलं जीप बोलावतो, तं आयकेना. म्हने, आधी निवृत्तीले रिंग देतो. तासभर नंबर फिरवला मायनं. सारखा एंगेज. म्हने, लेकरू कोनाशी तरी बोलून राह्यलं, बोलू द्या त्याले."

हे शेवटचं वाक्य पुंजाजींनी गिळलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना पुढे फार वेळा वाटलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. त्यांच्या हौसेचं मोल मायने दिलं होतं.

तेरवी झाली. मास्तरांनी मोडेम वापरला नाही, पण काढूनही ठेवला नाही. महिन्याभराने एका गुरुवारी ते कॉलेजची प्रश्नपत्रिका टाइप करत होते. तेवढ्यात लाल दिवा लुकलुकला. बाहेरून फोन आला की मोडेम पडद्याच्या कोपऱ्यात 'रिंग' असा शब्द उमटवतो. तो उमटला. थोड्या वेळाने त्याच्याखाली दुसरा. मग काही नाही. बाजूचा फोन मात्र वाजलाच नव्हता.

भिंतीवर चार वाजले होते.

रविवारी पुंजाजी बाजाराला आले तेव्हा मास्तरांनी सहज विचारावं तसं विचारलं.

"आमचा फोन? तो तं पंधरा दिवसांपासून डेड हाय, मास्तर. काऊन?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. घरी येऊन त्यांनी शालूबाईंना सांगितलं, की कुठेतरी तारेला तार लागत असणार. पण पुढच्या गुरुवारी ते पावणेचारलाच कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. दोनच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही दोनच. बरी आहे, एवढाच निरोप. मास्तरांना तेवढा पुरत होता. त्यांना पुन्हा अन्न गोड लागू लागलं.

"मायनं माफ केलं मले," ते एकदा ताटावर बसून म्हणाले.

शालूबाईंचा वाढता हात थांबला. "ते डबडं काढून टाका. मले भेव वाटते."

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. खरं काय ते तपासल्यावाचून मास्तरांना चैन पडेना. दिवाळीच्या सुट्टीतल्या गुरुवारी त्यांनी फोनची तार भिंतीतून उपसली आणि तिचं टोक मांडीवर घेऊन बसले. आता काही उमटलं नाही, तर दोष तारेचा. विषय संपला.

मायची लाइन आपणच पुन्हा बंद केली, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा चार वाजत होते.

रिंग.

मास्तरांनी श्वास सोडला.

रिंग.

"बरी हाय," ते पुटपुटले. डोळ्यांना पाणी आलं. तार मांडीवर तशीच होती.

रिंग.

मग चौथी. पाचवी. पडद्यावर ओळीखाली ओळ.

मास्तर उठले. चहा घेऊन आलेल्या शालूबाई दारात थबकल्या.

"आता कुठं निघाले?"

"माय बोलावून राह्यली."

त्यांनी चपलांत पाय घातले, तशी रिंग थांबली.