क्रेब्स बंधूंची चौकट

दिवे नका लावू एवढ्यात. पडदा गुंडाळायचा तेव्हा गुंडाळू. बसा जरा, कॉफी आहे अजून.

आत्ता शेवटच्या दृश्यात सूपचा ट्रे घेऊन येणारा माणूस पाहिलात ना? दोन सेकंद दिसतो. बोलत काही नाही, नुसती भुवई वर करतो आणि सगळे हसतात. तू मघाशी विचारलंस ना गं, कोण हा, कुठंतरी पाहिलाय? त्याला जन्मभर सगळे हेच म्हणाले. वेंडल क्रेब्स त्याचं नाव. दोनेकशे सिनेमे आणि टीव्हीवरचे किती भाग, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. कधी दरवान, कधी कोर्टातला कारकून, कधी हॉटेलातला वाढपी. मी स्टुडिओत दिवे लावायचो, त्यामुळे मी त्याला जवळून ओळखायचो.

पण आज सांगतोय ते वेंडलचं नाही. ते नॉर्बर्टचं आहे. नॉर्बर्ट विटाला. हे मंडळ त्यानंच काढलं. तीस वर्षं त्यानं बर्बँकमध्ये टपाल वाटलं, आणि निवृत्त झाल्यावर दर महिन्याला याच चर्चच्या तळघरात अशा विसरलेल्या नटांची एक संध्याकाळ करायला लागला. भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेला माणूस. हे लक्षात ठेवा.

तारीख पंधरा नोव्हेंबर, दोन हजार एकोणीस. शुक्रवार. दुसऱ्या दिवशी वेंडलची संध्याकाळ होती. दुपारी वेंडलच्या मुलीचा, लॉर्नाचा, फोन आला. ती फ्रेस्नोला आपल्या लेकीकडे राहायला गेली होती, आणि टुहुंगाच्या टेकडीवरचं बापाचं घर विकलं गेलं होतं.

"अरे नॉर्बर्ट, घर रिकामं करणारी माणसं उद्या सकाळी सातलाच येतायत. मागच्या खोलीत बाबांची पेटी आहे. काय हवं ते आजच्या आज घेऊन जा, नाहीतर सगळं कचऱ्यात जाईल."

"त्या दोघांचा फोटो असेल का हो त्यात, लॉर्नाबाई? दोघा भावांचा?"

ती म्हणाली, "असेल. मी कधी उघडली नाही ती. किल्ली पायरीवरच्या कुंडीखाली आहे. वीज तोडलीय, बॅटरी ने. आणि हे बघ, खोलीच्या मधोमध चादरीखाली ती चौकट उभी आहे. तिची चादर काढू नकोस."

"का?"

"बाबांनी कधी काढू दिली नाही. म्हणून."

आता ती चौकट काय, ते तुम्हाला सांगायला हवं. वेंडलला एक जुळा भाऊ होता, ऑर्व्हिल. बोलपट सगळीकडे पोचायच्या आधीच्या काळात गावोगावच्या थिएटरांत एकाच तिकिटात नाच, गाणी, नकला, जादू, कसरती असं सगळं चालायचं. त्यातच या पोरांचा खेळ होता. सोनेरी नक्षीची, पुरुषभर उंचीची आरशाची चौकट. पण आत काच नाही. एका बाजूला वेंडल, दुसऱ्या बाजूला ऑर्व्हिल, दोघांचे कपडे सारखे. एकानं टोपी काढली की दुसरा काढणार. एकानं नाक खाजवलं की दुसराही. लोकांना वाटायचं, आरसाच आहे.

एकोणीसशे तीसच्या जानेवारीत, स्क्रँटनला, ऑर्व्हिल तापानं फणफणला होता. खोकून खोकून पोराचा जीव जात होता. दहा वर्षांचं पोर. बाप म्हणाला, "सहा मिनिटांचा तर खेळ आहे. उठ." उठला तो. खेळ अर्ध्यावर आला आणि तो तिथंच, चौकटीच्या पलीकडे, कोसळला.

आणि वेंडलला जे शिकवलं होतं तेच त्यानं केलं. समोरचा पडला म्हणून तोही पडला.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

वेंडल उठला. ऑर्व्हिल उठला नाही.

हे त्यानं स्वतः मला सांगितलं. चौऱ्याहत्तर साली, एका मालिकेच्या सेटवर, दिवा जळाला म्हणून आम्ही खोळंबलो होतो तेव्हा. त्याआधी मला एवढंच माहीत होतं की रंग लावताना हा माणूस आरशाकडे पाठ करून बसतो. मेकअपवाली बाई वैतागायची. विचारलं की तो म्हणायचा, "तिकडे एक जण खोळंबलाय." आम्हाला वाटायचं, विनोद करतोय.

असो. नॉर्बर्ट संध्याकाळी सातला निघाला. जाताना मला फोन केला.

"आर्ची, चलतोस का?"

"गुडघा बघितलास का माझा? त्या टेकडीवर मला उचलून नेणार आहेस काय?"

"म्हातारा झालास तू."

"तू काय कोवळा आहेस? जा, आणि फोटो मिळाल्यावर कळव."

आठला दहा मिनिटं कमी असताना तो पोचला. रस्ता शेवटी अगदी अरुंद आहे तिथं, दोन्ही बाजूंना झुडपं, शेजार नाही. किल्ली मिळाली. घरात सामान बांधून ठेवलेलं, भिंतींवर चौकोनी फिकट डाग. मोबाइलच्या उजेडात तो मागच्या खोलीत गेला. लाकडी जमीन, एका भिंतीला पेटी, आणि मधोमध चादर पांघरलेली ती चौकट. त्यानं तिच्याकडे पाहिलं, सांगितल्याप्रमाणे वळसा घातला आणि पेटीशी गुडघे टेकून बसला.

बराच वेळ तो खूश होता. जाहिरातीची पत्रकं निघाली, कात्रणं निघाली, लहान मुलांचे नाचाचे बूट निघाले. आणि तळाशी, एका पाकिटात, तो फोटो. दोन पोरं, मोठाले काळे कोट घातलेली, चौकटीच्या दोन बाजूंना. कोण कोणता, ओळखू येईना. त्यानं फोटो उलटला. मागे आईच्या हातची नावं होती. त्यानं ती मोठ्यानं वाचली.

"वेंडल... ऑर्व्हिल."

त्या घरात ते दुसरं नाव किती वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं, कोण जाणे.

मागे सरसर असा आवाज झाला. कापड घसरावं तसा.

त्यानं फोटो शर्टाच्या खिशात ठेवला. मागे वळला. मोबाइल वर केला.

चादर जमिनीवर पडली होती. आणि समोरच्या आरशात त्याला स्वतःचं रूप दिसलं. पांढरे केस, चष्मा, हातात उजेड. त्याच्या मनात पहिला विचार काय आला सांगू? किती थकलो आपण, असा. तो उठला. कॉलर वाकडी झाली होती, ती त्यानं नीट केली.

समोरच्यानंही केली.

आणि मग त्याला आठवलं.

काच नाही.

काच कधीच नव्हती.

तो हलला नाही. समोरचाही हलला नाही. नॉर्बर्ट मला म्हणाला, "आर्ची, मला वाटलं, लॉर्नाच्या बापानं नंतर काच बसवली असेल. मी तसं स्वतःला समजावलं." पण मग त्याच्या लक्षात आलं. त्याच्या मोबाइलचा उजेड भिंतीवर पडत होता, छतावर पडत होता. समोरच्याच्या हातातही उजेड होता... पण तो कुठंच पडत नव्हता.

त्यानं डावा हात हळूच वर केला.

समोरचा हात वर आला.

किंचित उशिरा. पापणी लवेल एवढाच उशीर.

नॉर्बर्टनं मान कलती केली. त्यानंही केली. नॉर्बर्ट बाजूला सरकला. तोही सरकला. बरोबर. अगदी बरोबर. पण चेहरा... चेहरा नॉर्बर्टचाच होता आणि त्यावर भीती नव्हती. नॉर्बर्टची बोबडी वळली होती, आणि समोरचा नॉर्बर्ट नुसता लक्ष देऊन बघत होता. चूक होऊ नये म्हणून. मन लावून.

नॉर्बर्टनं एक पाऊल मागे घेतलं.

समोरच्यानं मागे घ्यायला हवं होतं.

त्यानं पुढे टाकलं.

एकच पाऊल. चौकटीच्या उंबऱ्यापर्यंत.

कुठंच काही आवाज नाही.

मग समोरच्याच्या ओठांची हालचाल झाली. तो काही बोलणार असं वाटलं... आणि तो खोकला.

साठीच्या चेहऱ्यातून, लहान पोराचा खोकला. ओला. खोल.

नॉर्बर्ट पळाला. कसा, ते त्याला सांगता येत नाही. मोबाइल खोलीतच पडला. दार उघडं राहिलं. अंधारात पायऱ्यांवर त्याचा गुडघा फुटला. गाडीत बसला, दारं लावून घेतली, किल्ली फिरवली आणि जी सुटली ती गाडी उतारानं खाली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. घर मागे राहिलं. तेव्हा कुठं त्याच्या छातीत श्वास शिरला.

आणि गाडी वाजायला लागली.

टिंग. टिंग. टिंग.

तुमच्या सगळ्यांच्या गाड्यांत असतं ते. समोर एक लाल खूण लागते. शेजारी बसलेल्यानं पट्टा लावलेला नाही, अशी. सीटवर वजन असल्याशिवाय ती लागत नाही. हलकी पिशवी ठेवली तरी लागत नाही. माणूस लागतो.

नॉर्बर्टनं शेजारी बघितलं नाही.

टिंग. टिंग.

तो रस्त्याकडेच बघत राहिला. अजून दोन वळणं. टिंग. टिंग. मोठ्यानं. थांबेचना. शेवटी त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच. नजर समोर. काचेपलीकडे झुडपं.

शेजारून खोकला आला.

बारीक. दबलेला. आपला आवाज कुणाला त्रासाचा होऊ नये म्हणून दाबावा, तसा.

नॉर्बर्टला पळून जायचं होतं. पाय हलेनात. मग त्यानं काय केलं, तर समोरच बघत, चाचपडत, हात पलीकडे नेला. पट्टा धरला. ओढला.

अर्ध्यावर अडला.

कशावर तरी.

त्यानं तो त्या कशावरून तरी पुढे घेतला. खटका लावला.

आवाज थांबला.

पुढची चाळीस मिनिटं त्यानं गाडी चालवली. रेडिओ लावला नाही. एकदाही त्या सीटकडे मान वळवली नाही. सिग्नलला एक बाई शेजारच्या गाडीतून त्याच्या गाडीत बघून हसली, आणि तिनं बोटं हलवली. आपण लहान मुलांना हलवतो ना... तशी. नॉर्बर्टला रडू फुटलं.

दहा चाळीसला त्यानं घरच्या फोनवरून मला उठवलं. "आर्ची, सकाळी ये. गाडीजवळ मी एकटा जाणार नाही." एवढंच बोलला. सगळं मला नंतर सांगितलं.

त्यानंतर तो कधी गाडी चालवायला बसला नाही. शनिवारची संध्याकाळ त्यानं केली, पार पाडली, आणि या भिंतीवरच्या नटांच्या यादीत वेंडलच्या खाली दुसरं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. जाताना बघा. महिन्याभरात तो ओरेगॉनला बहिणीकडे गेला, बसनं. चौकट घर रिकामं करणाऱ्या माणसांनी शनिवारी सकाळीच मोडून ट्रकमध्ये टाकली होती. लॉर्नाला आम्ही काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

पण शनिवारी सकाळचं राहिलंच.

सव्वासात वाजले होते. थंडी होती, काचांवर दव होतं. नॉर्बर्ट आपल्या घराच्या पायरीवर उभा राहिला, पुढे येईना. मी म्हटलं, "किल्ली दे. काय ते बघतो मी." मी काठी टेकत गेलो. त्यानं बोटानं दाखवलं ते, शेजारच्या सीटचं दार उघडलं.

सीट रिकामी होती.

पट्टा लावलेला होता.

मी हसून हाक मारणार होतो त्याला. खरंच. तोंड उघडलं होतं मी.

आणि मग नीट पाहिलं. पट्टा सीटला टेकलेला नव्हता. वीतभर पुढे होता. मध्ये काहीच नाही, नुसती हवा... आणि पट्टा ताणलेला.

मी एक बोट लावून बघितलं.

आत जाईना.

आणि बोटाखाली तो हलत होता. सावकाश. वर... खाली.

वर... खाली.