दोन खाचांची पिन

"ताई, गाडीला हात लावू नकोस."

धाकट्याने हे रागाने म्हटले असते तर तिला इतके लागले नसते. तो गाडीच्या पोटाखाली उताणा पडला होता, हातात पाना होता, आणि आपण काय बोललो याचे त्याला भानही नव्हते. ताईने तर केर काढता यावा म्हणून दिव्याची काच उचलून बाजूला ठेवली होती, इतकेच! पण वाक्य तेच होते, शब्दन् शब्द बाबांचे... सदतीस वर्षांपूर्वी प्लास्टरमधला पाय लांब करून उंबऱ्यात बसलेले बाबा तिला हेच म्हणाले होते, आणि त्यानंतर मरेपर्यंत ते तिच्याशी एक अक्षरही बोलले नाहीत. ताईने काच होती तिथे परत ठेवली आणि केर दुसऱ्या बाजूने काढला.

गाडी बाबांचीच. ती भाड्याने चालवून त्यांनी संसार केला होता. अपघातानंतर ती अंगणातल्या छपराखाली पडून राहिली, आणि गेल्या वर्षी धाकट्याने मनावर घेतले की तिला पुन्हा चालती करायची. 'फक्त इंजिन उघडून बघतो,' म्हणाला. इंजिन काढले तर खालचा पत्रा सडलेला, पत्रा कापला तर सांगाडा गंजलेला, आणि सांगाडा घासायचा म्हणून अख्खी गाडी सुटी करावी लागली. मग ती तुकड्यातुकड्यांनी घरात शिरली. बॉनेट कपाटाला टेकले, दोन दरवाजे पाहुण्यांच्या पलंगावर पसरले, गिअरबॉक्सने जेवणाच्या टेबलावर अशी बैठक मारली की माणसे मांडीवर ताटे घेऊन जेवू लागली. धाकट्याची बायको तोंडाची फटकळ, पण मनाची मोठी. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "यांनी सवत आणली असती ना, तरी ती एका खोलीत मावली असती."

धाकटा कारखान्यात लेथवर काम करायचा. बाबांच्या हातची कारागिरी त्याला पाहताक्षणी कळे. जो भाग बाजारात मिळत नसे तो बाबा स्वतः घडवत आणि त्यावर कानशीने दोन बारीक खाचा पाडत, ही त्यांची खूण. अशी खूण सापडली की धाकटा जेवण सोडून तो भाग सगळ्यांना दाखवत फिरायचा. ताईलाही दाखवायचा, लांबून.

रंगासाठी धूळ नसलेली बंद खोली हवी, असे त्याने सांगितले तेव्हा घरात तशी एकच खोली उरली होती... मागची, ताईची. "आठच दिवस, ताई," तो म्हणाला. त्याचे आठ दिवस म्हणजे किती, हे साऱ्या घराला ठाऊक होते. तरी ताई बरे म्हणाली. भावजयीने तिला स्वयंपाकघरात गाठून विचारले, तुम्ही नाही म्हणायला कधी शिकणार? ताई नुसती हसली. पण तिच्या पलंगाखाली पत्र्याची पेटी होती, आणि त्या पेटीत...

अपघात झाला तेव्हा ताई सोळा वर्षांची होती, वर्गात पहिली यायची. बाबा हँडब्रेकची तार सोडवून तेल घालत होते. तार आणि दांडा जोडणारी, स्वतः घडवलेली पिन त्यांनी पायरीवर ठेवली आणि कुणी हाक मारली म्हणून ते फाटकापाशी गेले. परत यायच्या आत पिन नाहीशी झाली. सात वर्षांचा धाकटा मागच्या अंगणात तेलाच्या डब्याच्या पत्र्याची मोटार करत बसला होता, त्याला चाकांसाठी आस हवा होता. ताईने ते पाहिले. बाबांचा हात किती जड आहे हे तिला माहीत होते. तिने केसांतले दोन आकडे काढले, एकत्र पिळले आणि पिनेच्या जागी घातले. संध्याकाळपर्यंत निभेल, मग गोडीगुलाबीने पिन परत आणू... असा त्या अजाण जिवाचा हिशेब! बाबांना वाटले, पिन आपणच बसवली असेल. अंगण फाटकाकडे उतरते. त्यांनी हँडब्रेक ओढला, उतरून फाटक उघडायला गेले आणि मागून तीच गाडी त्यांच्या अंगावर आली.

गुडघा कायमचा गेला. तुटलेले आकडे सापडले तेव्हा बाबांनी विचारले, कुणाचे? ती म्हणाली, माझे. पुढचे काही ती बोललीच नाही. शाळा सुटली, खोक्यांच्या कारखान्यात खळीने हात पांढरे करत तिने घर ओढले, धाकट्याला शिकवले. त्यानंतर तिने केसांत कधी आकडा खोवला नाही, वेणी दोऱ्याने बांधली. पत्र्याची ती मोटार तिने त्याच दिवशी लपवली होती. फेकून द्यावी असे शंभरदा मनात आले, पण या जगात आपल्या बाजूने एक तरी साक्षीदार असावा, एवढा एकच लोभ त्या माउलीला सुटला नाही.

सुटीच्या दिवशी ती भाजी घेऊन परतली तेव्हा तिची खोली रिकामी झाली होती. तिला ओझे नको म्हणून धाकट्यानेच सामान हलवले होते. पेटी जुनी, कडी निखळली असणार. तो जमिनीवर बसला होता आणि त्याच्या हातात ती मोटार होती.

"ही माझी! किती रडलो होतो हिच्यासाठी. तुझ्याकडे होती?"

तो हसत चाक फिरवत होता. मग त्याचा अंगठा आसाच्या डोक्यावर थांबला. दोन खाचा. हँडब्रेकची तेवढी पिन त्याला कुठेच सापडली नव्हती, नवी करायचे ठरले होते. तो आस उपसून घेत उठला, अंगणात गेला, ठोकळ्यांवर ठेवलेल्या सांगाड्याखाली सरकला. ताई भाजीची पिशवी हातात धरून दारात उभी राहिली. पिन जागेवर बसल्याचा बारीक आवाज तिला तिथूनही ऐकू आला.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मी घेतली होती?"

"सात वर्षांचा होतास रे."

"बाबांना का नाही सांगितलंस?"

"आकडे मीच लावले होते, चूक माझीही होतीच. आणि सांगितलं असतं तर ते तुझ्याशी बोलायचे थांबले असते... मला सोसलं. तुला नसतं सोसलं."

धाकट्याने तिचे खळीने खरबरीत झालेले दोन्ही हात धरले आणि त्यांत तोंड लपवून तो पन्नाशीकडे झुकलेला माणूस हुंदके देऊन रडला. "आणि मीही तुला तेच म्हणत आलो, ताई. हात लावू नकोस, हात लावू नकोस..."

तिची खोली त्याच दिवशी पुन्हा लागली. रंगकाम मागे पडले. पुढच्या महिन्यात सांगाडा चाकांवर उभा राहिला, दरवाजे नाहीत, आसने नाहीत, तरी धाकट्याने तो अंगणाच्या उतारावर नेला, आत स्टूल ठेवले आणि ताईला हात देऊन त्यावर बसवले. हँडब्रेक तिलाच ओढायला लावला. चाकाखालचा दगड काढला. मग तो फाटकापाशी, जिथे बाबा उभे होते तिथेच, गाडीला गुडघे टेकवून उभा राहिला. भावजय ओरडली, अहो, बाजूला व्हा! तो हलला नाही. गाडीही हलली नाही.

ताईचे डोळे भरून आले होते, तिला समोरचे नीट दिसत नव्हते. "धरलाय ना रे? काढू आता हात?"

"नको, ताई," तो म्हणाला. "असू दे हात."

तिने दांड्यावरची पकड घट्ट केली आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले.