बाहेरचं चालत नाही

कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे वहिनीचा फोन आला तेव्हा अर्ध्या तासाचं काम समजून मी शनिवारी दुपारी गेले. दादाला जाऊन चार महिने झाले होते. सोमवारपासून वहिनी घरबसल्या भाषांतराचं काम सुरू करणार होती. लग्नानंतरची तिची पहिली नोकरी. त्यासाठी दादाचं मशीन कोरं करून हवं होतं.

"सगळं पुसून टाक, चिमे. एक फोटोसुद्धा ठेवू नकोस."

मला ते लागलं. माझा सख्खा भाऊ होता तो.

नवी सिस्टिम भरलेला पेन ड्राइव्ह लावला. मशीन त्याच्याकडे ढुंकूनही न बघता दादाच्या जुन्या स्क्रीनवर गेलं. होतं असं. मशीनने आधी कुठून सुरू व्हायचं, त्या सेटिंगमध्ये जाऊन पेन ड्राइव्हला पहिला नंबर दिला, सेव्ह केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा दादाचीच स्क्रीन. सेटिंग उघडून बघते तर हार्ड डिस्क परत वर, पेन ड्राइव्ह खाली. मागचं पोर्ट झालं, दुसरा ड्राइव्ह झाला. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही मुकाट चालत होते. सेटिंग लक्षात ठेवणारा बोर्डावरचा सेल काढून पाहिला. तेच.

वहिनी दारातून बघत होती. "बाहेरचं काही चालत नाही त्यांना. माझ्या माहेरचं माणूस कधी चाललं?"

"वहिनी, मशीन आहे ते."

"हो. मशीनच."

मी वैतागले. मशीनचा डबा उघडला, हार्ड डिस्कच्या वायरी ओढल्या आणि दादाचं सगळं जिच्यात होतं ती डिस्कच बाहेर काढून टेबलावर ठेवली. आता पेन ड्राइव्हवाचून मशीनला गत्यंतरच नव्हतं. बटण दाबलं.

पंखा फिरला. दादाची स्क्रीन आली.

डिस्कला हात लावून पाहिला. अजून कोमट होती. तिला एकही वायर नव्हती.

मग मॉनिटरवरच्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला.

वहिनी लगबगीने पुढे आली. केस सारखे केले. मला हलकेच बाजूला सारून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

"घरीच आहे," ती म्हणाली. "चिमी आलीय. दुसरं कोणी नाही."

दिवा विझला.

"ऑफिसातून बघायचे, दिवसभर," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "तुला सांगितलं असतं, तर खरं वाटलं असतं?"

मी वाकून भिंतीतला प्लग उपटला. स्क्रीन काळी झाली.

"लाव परत."

"वहिनी, अगं..."

"लाव म्हणते ना! बंद ठेवलं की फोनवर येतात."

मी लावला.

भाषांतराचं ते काम वहिनीने घेतलंच नाही. हार्ड डिस्क माझ्या दुकानात पडून आहे. ती परत बसवायची अजून गरज पडलेली नाही.